पूल खेळणाऱ्याला भेट देताना

नमस्कार, श्रोतेहो. मुंबई-पुण्यात आणि आता इतरही अनेक शहरांत महाविद्यालयाच्या आसपास पूलची, म्हणजे टेबलावरचे चेंडू काठीने मारून टेबलाच्या खिशांत टाकण्याच्या खेळाची, पार्लरे दिसतात आणि संध्याकाळी तिथे टेबल मिळण्यासाठी थांबावे लागते. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी या खेळात रमली, की वाढदिवसाला, भाऊबीजेला किंवा पहिल्या नोकरीच्या निमित्ताने घरच्यांना एक हौशी प्रश्न पडतो: याला खेळाचेच काहीतरी द्यायचे आहे, पण नेमके काय द्यावे? बॅट, रॅकेट किंवा फुटबॉल निवडताना आपल्याला निदान काय पाहायचे ते ठाऊक असते. पूलच्या बाबतीत तेवढीही ओळख नसते, आणि मग दुकानदार जे पुढे ठेवील ते रंगीत कागदात गुंडाळून घरी येते. माझे म्हणणे असे आहे, की दुकानात शिरण्याआधी त्या खेळाडूकडे आज काय आहे आणि तो ते कसे वापरतो, हे आठवडाभर नीट पाहावे. पूलमध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाशी तरी जुळावी लागते.

सर्वांच्या मनात आधी येतो तो क्यू, म्हणजे खेळायची काठी. आणि सर्वांत जास्त चूकही तिथेच होते. आपल्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर या पूलसारख्याच, टेबलावर क्यूने खेळायच्या खेळांची परंपरा मोठी आहे. स्नूकरचा जन्मच 1875 च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत झाल्याचे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, आणि वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुढे मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीही तो किताब एकाहून अधिक वेळा मिळवला. या परंपरेमुळे खेळाच्या सामानाच्या दुकानांत स्नूकरचे क्यू सहज मिळतात, आणि पूल खेळणाऱ्या मुलासाठी तेच क्यू प्रेमाने विकत घेतले जातात.

हे दोन क्यू दिसायला भावंडे असले, तरी त्यांचे काम वेगळे आहे. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटर व्यासाचा असतो, पूलचा 57.15 मिलिमीटरचा आणि त्यामुळे वजनानेही अधिक. स्नूकरच्या क्यूचे टोक साधारण 9 ते 10 मिलिमीटर रुंद, तर पूलच्या क्यूचे 12 ते 13 मिलिमीटर. स्नूकरचा क्यू बहुधा ॲश जातीच्या लाकडाचा असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. पूलच्या क्यूचा पुढचा भाग बहुधा मेपल लाकडाचा असतो आणि टोकाकडचा बराचसा भाग एकसारख्या जाडीचा राहतो, म्हणजे बोटांमधून सरकताना त्याची जाडी बदलत नाही. बारीक टोकाच्या क्यूने पूलचा जोरकस ब्रेक, म्हणजे रचलेले चेंडू फोडणारा पहिला फटका, मारत राहिले, तर टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, आणि तिच्याखालची कडी या दोन्हींवर नको तेवढा ताण येतो. अनोळखी माणसालाही ओळखता येईल अशी एक खूण सांगून ठेवतो. चामड्याच्या टिपेखाली पितळेची कडी असेल, तर तो बहुधा स्नूकरचा क्यू समजावा. पांढरी कडी असेल, तर पूलचा. मात्र ज्यांचा भाचा किंवा पुतण्या इंग्लंडमध्ये राहतो आणि तिथल्या पबमध्ये पूल खेळतो, त्यांनी हा हिशेब उलटा धरावा. तिथला पूल लहान टेबलावर, लाल-पिवळ्या लहान चेंडूंनी खेळला जातो, आणि त्याला बारीक टोकाचाच क्यू लागतो.

समजा, पूलचाच क्यू घ्यायचे ठरले. तरीही तो गुपचूप आणून चकित करण्याची हौस आवरावी, असे मला मनापासून वाटते. बाजारातले बहुतेक क्यू 18 ते 21 औंस, म्हणजे साधारण 510 ते 595 ग्रॅम वजनाचे असतात, आणि मुरलेल्या खेळाडूच्या हाताला त्यांतला अर्ध्या औंसाचा फरकही जाणवतो. वजनाचा तोल पुढे आहे की मागे, मुठीच्या जागी सुती दोरा गुंडाळलेला आहे, चामडे आहे की नुसते लाकूड, आणि टिप मऊ आहे, मध्यम आहे की कडक, यांतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल खेळणाऱ्याचे पक्के मत असते. ते तो घरी कधी बोलून दाखवत नाही, कारण घरी त्याला कोणी विचारत नाही. आपल्या नजरेचा नंबर तपासून दुसऱ्यासाठी चष्मा घेण्यासारखा हा व्यवहार होतो. त्यापेक्षा भेटीच्या दिवशी रक्कम बाजूला काढून ठेवल्याचे सांगावे, त्याला बरोबर घेऊन दुकानात जावे आणि निवड त्याच्यावर सोडावी. दुकानात टेबल असेल, तर चार शॉट मारून पाहण्याचा आग्रह धरावा.

ज्याच्याकडे स्वतःचा क्यू अजून नाही आणि जो पार्लरमधल्या सामायिक क्यूंवर खेळतो, त्याच्यासाठी मात्र आपण निवड करू शकतो. मेपलचा, दोन तुकड्यांचा, 19 औंसांच्या आसपासचा आणि मध्यम टिपेचा क्यू नवख्याला सहसा निराश करत नाही. नक्षीकामावर पैसे खर्च करू नयेत; तो पैसा सरळपणावर आणि जोडणीच्या नीटसपणावर जावा. क्यू सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी दोन्ही तुकडे वेगवेगळे आणि मग जोडून, सपाट टेबलावर हळूच लोळवावेत. टोक उड्या मारत असेल, किंवा क्यू आणि टेबल यांच्यामधली प्रकाशाची फट लहान-मोठी होत असेल, तर तो क्यू कितीही देखणा असला तरी ठेवून द्यावा.

ज्याच्याकडे क्यू आहे, त्याला नुसता पुढचा तुकडा, म्हणजे शाफ्ट, भेट देण्याचा विचारही काही जण करतात, विशेषतः अलीकडे कार्बन फायबरच्या शाफ्टची चर्चा ऐकून. वस्तू खरोखर चांगली आहे. दमट हवेत ती लाकडासारखी वाकत नाही. परंतु दोन तुकडे ज्या स्क्रूने जोडले जातात, त्याचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात, आणि आटा जुळला नाही तर महागडा शाफ्ट तसाच पडून राहतो. जोडाच्या टोकांवर लावायच्या टोपणांनाही हाच नियम लागू होतो. तेव्हा त्याच्या क्यूवरचे कंपनीचे नाव आणि जोडाचे छायाचित्र फोनमध्ये घेऊनच दुकानात जावे.

आता मला सर्वांत आवडणाऱ्या भेटीकडे येतो, आणि ती म्हणजे चॉक. टिपेला घासायची ही निळी किंवा हिरवी वडी शाळेतल्या खडूची बहीण वाटते. प्रत्यक्षात तिच्यात खडू नसतोच. अमेरिकी बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 साली ज्या मिश्रणाचे पेटंट घेतले, त्यात सिलिका आणि कुरुंदासारखे कठीण, खरखरीत घटक होते, आणि आजचा चॉक त्याच वाटेवरचा आहे. या खरखरीतपणामुळे चामड्याची टिप गुळगुळीत चेंडूवरून घसरत नाही, आणि पांढऱ्या चेंडूला मधोमध न मारता कडेला मारून फिरकी देता येते. चॉक नसेल तर पुष्कळसा खेळच उरत नाही. तरीही बहुतेक खेळाडू पार्लरमधल्या मधोमध खड्डा पडलेल्या जुन्या वडीवर काम भागवतात, कारण स्वतःसाठी महागडी वडी घेणे त्यांना चैनीचे वाटते. जपानची कमुई किंवा फिनलंडची टाओम ही वडी साध्या वडीच्या कितीतरी पट महाग असते, पण क्यूच्या मानाने अगदी स्वस्त पडते आणि पुष्कळ दिवस पुरते. टाओमची धूळही कमी पडते, म्हणून टेबलाचे कापड आणि खेळणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. एवढे मात्र पाहावे, की त्याच्या पार्लरमधल्या टेबलाचे कापड कोणत्या रंगाचे आहे. निळ्या कापडावर हिरव्या चॉकचे डाग उठून दिसतात, आणि पार्लरचे मालक त्याबद्दल नाराज होतात. वडीबरोबर ती कमरपट्ट्याला किंवा खिशाला अडकवण्याची छोटी डबी दिली, तर प्रत्येक शॉटनंतर चॉक शोधण्याचा त्रासही वाचेल.

आपल्या हवेचा विचार केला, तर हातमोज्याला मी चॉकच्या खालोखाल स्थान देईन. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत, कोकणात आणि गोव्यात घामाने क्यू बोटांना चिकटतो आणि शॉट मारताना अडखळतो. काही जण त्यावर अंगाची पावडर लावतात. ती टेबलाच्या कापडावर सांडते आणि पांढरे ठसे उमटतात. तीन बोटांचा पातळ, ताणला जाणारा मोजा हा यावरचा सरळ उपाय आहे. तो क्यू मागून धरणाऱ्या हातात घालायचा नसतो. टेबलावर टेकवलेल्या, क्यूला आधार देणाऱ्या हातात घालायचा असतो. म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हाताचा मोजा लागतो आणि डावखुऱ्याला उजव्या हाताचा. भेट देणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. त्याच्या हाताचे मापही बघून ठेवावे, कारण सैल मोज्याच्या सुरकुत्या पडतात आणि क्यू पुन्हा अडतो.

पावसाळ्याचा उल्लेख आलाच आहे, तर क्यूच्या पेटीबद्दलही सांगतो. लाकडाचे दोन मोठे शत्रू म्हणजे ओल आणि उष्णता. दुचाकीवरून पाठीला लावून नेलेला कापडी पिशवीतला क्यू भिजतो, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो तापतो, आणि घरात भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर हळूहळू वाकू शकतो. आतून अस्तर असलेली, कडक कवचाची आणि पाठीला लावायचा पट्टा असलेली पेटी ही खेळाडू स्वतःहून पुढे ढकलत राहतो अशी खरेदी आहे, म्हणूनच ती भेट म्हणून चांगली. पेटीत मागचे किती आणि पुढचे किती तुकडे मावतात, हे विचारून घ्यावे. पुढेमागे तो ब्रेकसाठी वेगळा क्यू घेणार असेल, तर एका क्यूची पेटी लवकरच अपुरी पडेल.

टिप घासून तिची गोलाई राखणारे छोटे हत्यार आणि शाफ्ट पुसायचे मऊ मायक्रोफायबर कापड या किरकोळ पण उपयोगी वस्तू आहेत. सुटी टिप मात्र देऊ नये, कारण ती चिकटवणारा कारागीर जवळ असेलच असे नाही. पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूवरून उडवण्यासाठीचा आखूड जंप क्यूसुद्धा टाळावा; कापड फाटण्याच्या भीतीने अनेक पार्लरांत तसे शॉट मारूच देत नाहीत. आठ नंबरच्या काळ्या चेंडूचे चित्र असलेले मग, टी-शर्ट आणि किल्लीच्या साखळ्या पुष्कळ मिळतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांनी खेळात काडीचीही भर पडत नाही.

ज्याच्या घरी स्वतःचे टेबल आहे, त्याच्यासाठी फिनॉलिक राळेच्या चेंडूंचा पूर्ण संच ही मोठ्या मनाची भेट ठरेल. बेल्जियममध्ये तयार होणारे ॲरामिथचे चेंडू यासाठी नावाजलेले आहेत; ते साध्या पॉलिएस्टरच्या चेंडूंपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. खर्च आवाक्याबाहेरचा वाटला, तर टेबलावर टाकायचे आच्छादन आणि कापड झाडायचा ब्रश द्यावा.

विद्यार्थी असेल, तर आणखी एक भेट विचारात घ्या. पार्लरमध्ये टेबलाचे भाडे तासावर असते, आणि सराव मागे पडतो तो बहुधा त्या पैशांमुळे. तो जिथे खेळतो तिथल्या मालकाशी बोलून काही तासांचे भाडे आगाऊ भरता येते का ते पाहावे. चांगल्या प्रशिक्षकाकडे काही शिकवण्यांची सोय करता आली तर त्याहून उत्तम, कारण उभे राहण्याची पद्धत आणि क्यू सरळ रेषेत नेण्याची सवय ही सुरुवातीलाच लागलेली बरी.

शेवटी खरेदीची एक सूचना. क्यू, शाफ्ट, मोजा, पेटी, जे काही घ्याल त्याचे बिल जपून ठेवा, आणि वस्तू न वापरता किती दिवसांत बदलून मिळेल हे पैसे देण्याआधीच दुकानदाराकडून विचारून घ्या. एकदा टिपेला चॉक लागला, की क्यू वापरलेला समजला जातो आणि मग तो परत घेण्यास बहुतेक दुकानदार तयार होत नाहीत. नमस्कार.