प्रातोची मंडळी

बंधुभगिनींनो, पत्रिकेत विषय छापलाय ‘स्थलांतरितांची दुसरी पिढी आणि मंडळी’. तिथे येतोच, पण जॉर्ज स्टॉट यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्कॉटलंडचा मिशनरी, एक पाय गमावलेला. चीनला निघाला तेव्हा लोकांनी विचारलं, एका पायावर तिथे काय करणार? तो म्हणाला, दोन पायांचे जाताना दिसत नाहीत, मग मलाच जायला हवं. १८६७ साली तो वेन्झोऊला पोचला. आज तिथे ख्रिस्ती इतके, की त्या शहराला चीनचं यरुशलेम म्हणतात. २०१४ साली सरकारने तिथलं सानजियांगचं मोठं चर्च पाडलं, कळसांवरचे क्रूस उतरवले. उपासना मात्र बंद पडली नाही.

याच वेन्झोऊची माणसं इटलीत, फ्लॉरेन्सशेजारच्या प्रातोत कपडे शिवतात. आमचे सहकारी दांपत्य तिथे सेवा करतं. त्यांच्याकडे मी राहून आलो. परत आल्यावर इथे पहिला प्रश्न ठरलेला: बाप्तिस्मे किती झाले? मला याचं फार वाईट वाटतं. अहो, ही मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, मिशनऱ्यांनी उभी केलेली नाही, ती त्या कामगारांनी गावाहून सोबत आणली! आमचे सहकारी तिथे पाहुणे आहेत, आणि हे त्यांना मनापासून ठाऊक आहे. माल निघायचा असेल तर कारखाना रात्रभर चालतो, म्हणून बायबल अभ्यास रात्री उशिरा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या बाहीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते. प्रार्थनेत त्या एकेक वेचून मुठीत धरत होत्या. १ डिसेंबर २०१३ ला, रविवारी सकाळी, तिथल्या एका कारखान्याला आग लागली. आत राहणारे सात कामगार गेले. उपासनेची वेळ ठरवताना आमचे सहकारी कारखान्याचं घड्याळ आधी बघतात, ते उगाच नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर दुसरी पिढी. बरीच मुलं तान्ही असताना आजी-आजोबांकडे वेन्झोऊला पाठवली जातात आणि शाळेच्या वयात परत येतात. मग आईबाप परके, गाव परकं. जी प्रातोतच वाढतात ती इटालियनमध्ये विचार करतात, पण तिथे जन्मूनही नागरिकत्वासाठी अठरा वर्षं थांबतात. वडीलजनांची उपासना वेन्झोऊच्या बोलीत. मुलं मागच्या बाकावर गप्प. माझं म्हणणं एवढंच की इटालियन उपासना ही मुलांची सोय म्हणून मागच्या खोलीत नको, मुख्य सभागृहात हवी, आणि पंचकमिटीत तरुणांना मत हवं. नगरहून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या आपल्या लोकांची नातवंडं आज इंग्रजी उपासनेला जातात. त्यांना आपण वेळेत जागा दिली नव्हती, हे इथल्या ज्येष्ठांना माहीत आहे.

सहकाऱ्यांना रविवारच्या शाळेसाठी इटालियन येणारे शिक्षक हवे आहेत. कुणाची मुलं तिकडे शिकायला असतील त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावं.