इलिनॉयचा मुका एस

हा हायवेवरचा बोर्ड बघा. इलिनॉय. स्पेलिंगच्या शेवटी एस आहे, पण इथलं कुणी तो उच्चारत नाही. तुम्ही उच्चारलात की लगेच कळतं, पाहुणे बाहेरचे.

आता व्हाइटबोर्ड. लोजबान ही लॉजिकच्या पायावर मुद्दाम बनवलेली भाषा, आधी 1955 ची लॉगलान होती, तिथे हक्कावरून वाजलं आणि 1987 मध्ये लॉजिकल लँग्वेज ग्रुपने ही वेगळी काढली, ते भांडण राहू दे, आपण अमेरिकेतल्या राज्यांची आणि शहरांची नावं या भाषेत कशी लिहितात ते बघू.

तर कानाला ऐकू येतं तेच लिहायचं. एस खोडला. एकच व्यंजन लागोपाठ दोनदा चालत नाही, म्हणून एक एलही गेला. आता गंमत बघा, लोजबानमध्ये नाव व्यंजनावरच संपावं लागतं, कारण बाकी सगळे शब्द स्वरावर संपतात, त्यामुळे शेवटी व्यंजन ऐकलं की समोरच्याला कळतं, हे नाव. मग इलिनॉयला काहीतरी जोडायलाच हवं, आणि बरेच जण जोडतात एस! आत्ता खोडलेला. फक्त आता तो मुका नाही, 'इलिनोइस', खणखणीत. जोर एरवी शेवटून दुसऱ्या भागावर पडतो, इथे शेवटच्या, म्हणून तेवढी अक्षरं कॅपिटल.

आर्कन्सॉचं तर याहून भारी. तिथल्या विधिमंडळाने 1881 मध्ये चक्क ठराव केला, शेवटचा एस म्हणायचा नाही. लोजबानमध्ये तोही परत आला.

हा एच बघा, लोजबानमध्ये हे अक्षरच नाही. आयडाहोमधला ह दोन स्वरांच्या मध्ये, तिथे अपॉस्ट्रॉफी टाकली की काम झालं. पण ह्यूस्टनचा ह सुरुवातीलाच, तिथे अपॉस्ट्रॉफी चालत नाही, म्हणून एक्स लिहून घशातला ख काढतात. डब्ल्यूपण नाही, वॉशिंग्टन यू लावून सुरू होतं. शिकागोला सी एकटाच पुरतो, कारण इथे सी म्हणजेच श. विवेकानंदांमुळे आपण मराठीत श आधीपासूनच बरोबर लिहितोय.

अलाबामाची मात्र पंचाईत, नावाआधी 'ला' लावतात आणि तोच आवाज नावाच्या पोटात, जुन्या नियमात स्वरानंतर तो चालत नसे. पुढे नावाच्या दोन्ही बाजूंना टिंब, म्हणजे थांबा, द्यायची पद्धत आली आणि अडचण सुटली, जुन्या मजकुरात दोन्ही तऱ्हा सापडतात.