विमान सुटायच्या आत

हे जे किल्ल्यासारखं कोर्ट दिसतंय ना, मनोरे, कमानी, पांढुरका दगड, हे लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचं रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस. 1882 साली व्हिक्टोरिया राणीने उद्घाटन केलेलं. आत आपल्याला कॅमेरा चालवता येत नाही, 1925 पासून कायदाच आहे तसा, चित्रकारालासुद्धा आत बसून रेखाटता येत नाही, बघायचं, डोक्यात ठेवायचं आणि बाहेर येऊन काढायचं. म्हणून आम्ही सकाळी दारातच उभे राहिलो. वकील येतायत आणि प्रत्येकाच्या मागे चाकाची बॅग आहे बघा, गावाला निघाल्यासारखी. आत फायली आहेत, आणि त्यातल्या काही अशा लोकांच्या असतात ज्यांना ब्रिटनने सांगितलंय की तुम्हाला इथे आश्रय नाही, परत जा.

आता हे टेबल बघा. एका सॉलिसिटरचं ऑफिस आहे, पत्रावरचं नाव आम्ही झाकलंय. हे होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, नकाराचं पत्र. प्रत्येक परिच्छेदाला नंबर, आणि पिवळ्या मार्करने खुणा केल्यात त्या ओळी बहुतेक सारख्याच असतात, तुम्ही सांगितलेल्या तारखा जुळत नाहीत, तुम्ही तुमच्याच देशात दुसऱ्या शहरात जाऊन राहू शकता. बऱ्याच जणांना यावर अपील करता येतं, पण अपिलाचा हक्कच नसेल, किंवा अपील संपल्यावर नवा पुरावा दिला आणि तोही बाजूला सारला, तर उरतो ज्युडिशियल रिव्ह्यू. आपण मुंबई हायकोर्टात कलम 226 खाली रिट टाकतो ना, जवळपास तेच. जज आश्रय देत नाही, ते त्याच्या हातात नाही. तो फक्त बघतो की अधिकाऱ्याने निर्णय कायद्याने घेतला का, समोरचा कागद वाचला का. मुदत जास्तीत जास्त तीन महिने, तीही आरामात वापरायची नाही. आधी परवानगी मागायची, ती बहुतेक वेळा कागदांवरच ठरते, नाही मिळाली तर समोर उभं राहून पुन्हा मागता येते, पण जजने अर्जात काहीच दम नाही असा शेरा मारला तर तेही नाही.

कागद वाचल्याने काय फरक पडतो ते 1987 च्या निकालात दिसतं. युगांडातून आलेल्या एका माणसाला केनियाला पाठवायचं ठरलं होतं, आणि केनिया युगांडाच्या लोकांना परत युगांडातच ढकलतंय याचा विचार झालाच नव्हता. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च कोर्टाने, तो निर्णय रद्द केला आणि म्हटलं की जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्णय अगदी काळजीने तपासला पाहिजे. हे वाक्य इथले वकील आजही वापरतात.

आणि आता ही धावपट्टी, हीथ्रो. इथे 1 मे 1991 ची गोष्ट सांगायलाच हवी. झाईरचा, म्हणजे आजच्या काँगोचा, एक शिक्षक, कोर्टाच्या कागदात नाव फक्त एम. आश्रय नाकारलेला, देशात राहून अपील करायचा हक्क तेव्हा अशा लोकांना नव्हताच, तो 1993 च्या कायद्याने आला. त्या दिवशी संध्याकाळी वकिलांनी नवा अर्ज घेऊन जज गार्लंड यांना गाठलं, जज म्हणाले कागद बघेपर्यंत याला पाठवू नका, आणि सरकारी वकिलाने तसा शब्द दिलाय असं त्यांना वाटलं. तरी एम विमानात बसवला गेला. विमान पॅरिसला थांबलं, तिथेही कोणी उतरवलं नाही. रात्री उशिरा जजनी आदेश काढला, याला परत आणा. दुसऱ्या दिवशी परतीची सोयसुद्धा झाली होती, आणि गृहमंत्री केनेथ बेकर यांनी ती रद्द केली, कारण त्यांना सल्ला मिळाला की कोर्टाला मंत्र्यावर असा हुकूम काढताच येत नाही.

पुढची दोन वर्षं भांडण याच एका मुद्द्यावर. नोव्हेंबर 1991 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने बेकर यांनाच कोर्टाच्या अवमानाचं दोषी धरलं. 27 जुलै 1993 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते कायम ठेवलं, फक्त दोष माणसाऐवजी गृहमंत्री या पदावर टाकला. त्यातले एक जज लॉर्ड टेम्पलमन यांचं म्हणणं होतं, सरकार कायदा पाळतं ते मेहेरबानी म्हणून असं मानलं तर इंग्लंडच्या यादवी युद्धाचा, ज्यात राजा संसदेपुढे हरला त्याचा, निकालच उलटा होईल. मला विचाराल तर या अख्ख्या दगडी इमारतीत सुरू झालेल्या खटल्यांत याहून मोठं काही घडलेलं नाही, कारण त्या आधी जजचा शब्द मंत्र्यापर्यंत पोचून तिथेच थांबू शकत होता.

ज्युडिशियल रिव्ह्यू जिंकला तरी फाईल परत होम ऑफिसकडेच जाते आणि नकार पुन्हा येऊ शकतो.

हे तारेचं कुंपण कोलनब्रुक बायपासवरच्या डिटेन्शन सेंटरचं, परत पाठवायच्या लोकांना इथे डांबून ठेवतात, विमानतळाला अगदी लागून, आतल्यांना विमानं ऐकू येतात. एमला परत आणायचा आदेश 3 मे 1991 लाच जज गार्लंड यांनी मागे घेतला होता. हे शेवटचं विमान आम्ही संध्याकाळी शूट केलंय, एमचंही संध्याकाळीच सुटलं होतं.