निरोप आणि स्वागत एकाच दिवशी

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रात ३१ मे या दिवशी जितकी माणसं नोकरीतून निवृत्त होतात, तितकी वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही दिवशी होत नसतील. याचं मूळ आपल्या शाळेच्या दाखल्यात आहे. पूर्वी गावोगावी मुलाला पहिलीत घालायला आलेल्या आईवडिलांना जन्मतारीख सांगता येईच असं नाही. ‘मोठा पूर आला त्या साली झाला’ एवढीच आठवण असायची. मग गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज बांधत आणि पुढे १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये भरायची, वर्षांचा हिशेब सोपा जायचा. आता नियम असा आहे, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवानिवृत्त होतो. त्यामुळे कुण्या गुरुजींनी टाकलेली ती तारीख पन्नासहून अधिक वर्षांनी त्या मुलाचा निरोप समारंभ ठरवते.

आपल्या पुण्यातल्या महाविद्यालयांतही हेच घडतं. साठ वर्षं पूर्ण झालेले प्राध्यापक आणि अठ्ठावन्न पूर्ण झालेले कार्यालयातले कर्मचारी त्या दिवशी मस्टरवर शेवटची सही करतात. आणि मे अखेर महाविद्यालय कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्ग बंद, वसतिगृह रिकामं, निम्मे सहकारी कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर, उत्तरपत्रिका तपासत बसलेले, उरलेले गावी. सभागृहात पुढच्या दोन रांगा भरतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ होतो. घरची मंडळी आलेली असतात, मुलगी परदेशातून आलेली असली तर तिचं कौतुक होतं. भाषणं होतात, आणि ती मनापासून केलेली असतात. पण ज्यांच्यासाठी या माणसानं तीस-पस्तीस वर्षं खडू हातात धरला, त्यांतलं एकही मूल तिथे नसतं.

नवे प्राध्यापक येतात ते जून-जुलैमध्ये. कधी दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्रात. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा होतो, स्टाफरूममध्ये ओळख होते, आणि वेळापत्रक हातात पडतं. गेलेले सर कोण, गेलेल्या मॅडम कोण, हे त्यांना फलकावरच्या जुन्या नावावरून कळतं. एकाच विषयाला आयुष्य दिलेला एक माणूस आणि त्याच विषयाला आयुष्य द्यायला निघालेला दुसरा, एकाच खुर्चीवर पाठोपाठ बसतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. मला हे फार चुकीचं वाटतं, आणि आज त्याविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे.

माझं म्हणणं असं, की निरोप आणि स्वागत एकाच कार्यक्रमात व्हावेत, आणि तो कार्यक्रम ऑगस्टमध्ये, महाविद्यालय गजबजलेलं असताना, विद्यार्थ्यांसमोर व्हावा. ३१ मे रोजी कागदोपत्री निवृत्ती होऊ द्या. सत्कार दोन महिन्यांनी केला म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

पुण्याला हे नवं वाटायचं कारण नाही. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली सुरू झालं. ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं सेवेचं बंधन आपणहून पत्करलं होतं, आणि पगार होता महिना ७५ रुपये. १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले आणि गणिताची जागा रिकामी झाली. तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईहून आपल्या कॉलेजातल्या एका सहाध्यायाला बोलावून घेतलं. ते धोंडो केशव कर्वे. १८९१ साली गणित शिकवायला आलेला हा माणूस पुढे पुण्याला आणि देशाला काय देऊन गेला, ते हिंगण्याला, त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेत, जाऊन पाहावं. एका जागेवर कोण येतं यानं शहराचा इतिहास बदलतो, आणि त्या जागेवर योग्य माणूस यावा म्हणून कुणीतरी आधीच्यानं धडपड केलेली असते.

पुढे सप्टेंबर १९०२ मध्ये गोखले स्वतः फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्यांना मानपत्र दिलं ते विद्यार्थ्यांनी. सत्र चालू असताना, मुलांच्या देखत त्यांनी निरोप घेतला. त्याच वर्षी रँग्लर परांजपे प्राचार्य झाले. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला, होऊन आलेला हा तरुण मूळचा फर्ग्युसनचाच विद्यार्थी. म्हणजे जाणारा, येणारा आणि शिकणारा, तिघंही एकमेकांना ओळखत होते. त्या काळातली संस्था लहान होती, हे खरं. आज एकेका महाविद्यालयात पाच-दहा हजार मुलं असतात. पण म्हणूनच जी ओळख तेव्हा आपसूक व्हायची, ती आता मुद्दाम करून द्यावी लागेल.

निवृत्त होणाऱ्याबरोबर नेमकं काय निघून जातं, याचा आपण फारसा विचार करत नाही. विषयाचं ज्ञान जात नाही. ते पुस्तकांत आहे, आणि नव्या पिढीला कित्येकदा आमच्यापेक्षा अधिक येतं. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. केलेले हे तरुण तयारीचे असतात. जातं ते वेगळंच.

वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या जुन्या प्राध्यापकांबरोबर वेताळ टेकडीवर जाऊन बघा. वनखात्यानं लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या गर्दीत मूळची सालई कुठे तग धरून आहे, मोई कुठे आहे, कोणत्या उतारावर पहिल्या पावसानंतर कोणते कंद डोकं वर काढतात, मुलांना कोणत्या वाटेनं न्यायचं आणि कोणत्या वाटेनं पाऊस पडत असताना मुळीच न्यायचं नाही, हे सगळं त्यांच्या पायांना माहीत असतं. अभ्यासक्रमात ‘क्षेत्रभेट’ एवढाच शब्द आहे. नव्या मॅडम बीडहून किंवा नांदेडहून आलेल्या असल्या, तर त्यांना ही टेकडी कोण दाखवणार? श्रावणातल्या एका सकाळी दोघांनी मुलांना घेऊन टेकडी चढली, तर त्या दिवशी जे हातात येईल ते कोणत्याही अहवालात सापडायचं नाही.

प्रयोगशाळेचं तर विचारूच नका. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेडस्टॉक रजिस्टर असतं. कोणतं उपकरण कधी घेतलं, किती किमतीचं, सगळं त्यात लिहिलेलं. पण कोणता तराजू सकाळी पंधरा मिनिटं चालू ठेवल्याशिवाय खरं वजन दाखवत नाही, विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या कोणत्या फ्यूम हुडचा पंखा नावालाच फिरतो, हे रजिस्टरमध्ये नसतं. ते प्रयोगशाळा सहायकाला माहीत असतं, आणि तो निवृत्त झाला की पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांची तारांबळ उडते. म्हणून सत्काराच्या व्यासपीठावर प्राध्यापकांइतक्याच मानानं प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातले कर्मचारी आणि ज्यांना पिढ्यान्पिढ्या मुलं ‘मामा’ म्हणत आली, ते शिपाई बसले पाहिजेत. त्यांचा सत्कार वेगळा, छोटा, कार्यालयातच उरकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद व्हावी.

आणि सगळ्यात मोठी ठेव म्हणजे मुलांची पारख. पुण्याच्या महाविद्यालयांत मुलं येतात ती फक्त कोथरूड-सहकारनगरातून येत नाहीत. मुळशी, भोर, पुरंदरहून पहाटेची एसटी धरून येतात. मराठवाड्यातून, खानदेशातून येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन, राहतात. सकाळी साडेसातच्या तासाला मागच्या बाकावर जो झोपतो, तो आळशी आहे असं नवा शिक्षक समजतो. जुन्या शिक्षकाला माहीत असतं, की हा रात्रभर चाकणच्या कारखान्यात पाळी करून आलाय, किंवा अकरापर्यंत घरोघरी जेवणाचे डबे पोचवत होता. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कुणासाठी मागायची, फीचा हप्ता कुणाला मागायचा आणि कुणाला मागायचा नाही, मुलीच्या लग्नाचा विषय घरात निघाला आहे हे तिच्या गैरहजेरीवरून कसं ओळखायचं आणि मग तिच्या वडिलांशी काय बोलायचं, हे सांगणारं प्रशिक्षण मी अजून पाहिलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘गुरुदक्षता’ हा नव्या प्राध्यापकांसाठीचा कार्यक्रम आहे, आणि तो चांगला आहे. पण या गोष्टी माणसाकडूनच माणसाला मिळतात.

आमच्या विभागात गेली काही वर्षं आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. निवृत्तीला एक सत्र उरलं, की त्या प्राध्यापकांनी एक वही लिहायला घ्यायची. टिपणांची वही नव्हे, ती त्यांची स्वतःची. या वहीत फक्त कामाचं लिहायचं. कोणता घटक मुलांना हमखास अडतो, तो कोणत्या उदाहरणानं सुटला, कोणता प्रकल्प फसला आणि का, कोणत्या माजी विद्यार्थ्याला फोन केला तर तो कारखाना किंवा बँक दाखवायला आनंदानं बोलावतो. आलेल्या नव्या सहकाऱ्याला ही वही मिळते, आणि पहिल्या महिन्यात निवृत्त सर किंवा मॅडम त्यांच्या एक-दोन तासांना मागच्या बाकावर येऊन बसतात. तपासायला नाही, सोबत म्हणून. मोबदला काही नसतो. मला सांगायला आनंद वाटतो, की आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही.

इथे एक अडचण आहे, आणि ती लपवून चालणार नाही. निवृत्त झालेल्या जागेवर लगेच कुणी येतंच असं नाही. शासनाचं ना हरकत प्रमाणपत्र, मागासवर्ग कक्षाकडून रोस्टरची, म्हणजे आरक्षणाच्या बिंदुनामावलीची, तपासणी, जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, या सगळ्यात वर्षं जातात. तोवर ती जागा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चालते. तासाप्रमाणे मानधन, आणि तेही महिन्याच्या महिन्याला मिळेल याची खात्री नाही. कित्येक तरुण-तरुणी दहा-दहा वर्षं अशा नेमणुकांवर शिकवताहेत. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या. स्वागत समारंभात यांना कुणी बोलावत नाही, कारण कागदावर ते ‘नवे प्राध्यापक’ नसतात आणि जुनेही नसतात. माझी सगळ्या प्राचार्यांना कळकळीची विनंती आहे: स्वागत करताना पहिलं नाव त्यांचं घ्या. वर्गात उभा राहणारा प्रत्येक जण मुलांसाठी सरच असतो. सत्कारानं त्यांचा प्रश्न सुटत नाही. तो कायमच्या भरतीनंच सुटेल, आणि ती मागणी त्याच व्यासपीठावरून, सगळ्यांच्या वतीनं झाली पाहिजे. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाच्या तोंडून ती झाली तर तिला वजन येतं, कारण त्याला आता स्वतःसाठी काही मागायचं उरलेलं नसतं.

तीच गोष्ट कम्युनिटी कॉलेजची आणि बी.व्होक. या व्यवसायशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची. तिथे शिकवायला येणारा वायरमन, बेकरीवाला किंवा वर्कशॉपमधला फोरमन अर्धा दिवस आपला धंदा सोडून येतो. त्याचं नाव तरी फलकावर यावं.

सत्काराविषयी थोडं सांगते. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही. आपल्याकडे मान देण्याची ती रीत आहे आणि ती राहावी. पण मानपत्र मात्र त्या माणसाचं असावं. ‘विद्यार्थिप्रिय’, ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’ हे तीन शब्द कुणालाही चालतात, आणि म्हणून ते कुणाचेच नसतात. त्याऐवजी त्यांच्या चार जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. सरांनी तुला काय शिकवलं, एवढंच विचारा, आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत मानपत्रात घाला. आणखी एक. निवृत्तीच्या दिवशी माणसाला खरी चिंता असते ती पेन्शनच्या प्रकरणाची. सेवापुस्तिकेतल्या नोंदी, वेतननिश्चितीची पडताळणी, ना देय प्रमाणपत्र, हे सहा महिने आधी पूर्ण करून ठेवणं हा महाविद्यालयानं करायचा पहिला सत्कार आहे. गळ्यात हार आणि पुढे वर्षभर कार्यालयाचे हेलपाटे, असं साठ वर्षांच्या माणसाचं होऊ नये.

आज निवृत्त होणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांना जुनी पेन्शन आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना सहसा ती नाही. आमच्या मागून येणाऱ्यांच्या वाट्याला आमच्यापेक्षा कमी सुरक्षितता आली आहे आणि काम वाढलं आहे. नवं शैक्षणिक धोरण, श्रेयांकांची नवी रचना, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रं, सतत ऑनलाईन भरायची माहिती. हे सगळं सांभाळून ते मुलांसमोर उभे राहतात. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य म्हणूनच मी कोणत्याही निरोपाच्या भाषणात ऐकू इच्छित नाही.

तुमच्यापैकी जे माजी विद्यार्थी आहेत, त्यांना एक सांगणं आहे. आपल्या महाविद्यालयात चौकशी करा, यंदा कोण निवृत्त झालं आहे. पाच सप्टेंबरला, शिक्षकदिनी, फोनवर निरोप धाडण्यापेक्षा एक पानभर पत्र हातानं लिहा आणि महाविद्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. आणि निवृत्त झालेल्या माझ्या सहकाऱ्यांना: पुण्यात नोकरी करून शिकणाऱ्या मुलांच्या रात्रशाळा आहेत. त्यांना गणित आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांची नेहमी गरज असते. संध्याकाळी सहानंतर जा, मुख्याध्यापकांना भेटा, आठवड्यातला एक वार सांगा.

नमस्कार.