तुटायचंच तर कुठे तुटावं? पुळणीवरच्या आणि धक्क्यावरच्या साध्या रिग

मंडळी, टेबलावर सामान फार थोडं दिसतंय, ते मुद्दामच. तंगूस, चार गळ, शिशाची वजनं, थोडे स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या) आणि मणी. मासे धरायला दोरा, गळ आणि वजन यांची जी जुळणी बांधतो, ती रिग. तयार रिगच्या पाकिटात याहून बरंच काही असतं, पण जादा वस्तूला जादा गाठ लागते, आणि गाठ म्हणजे दोऱ्यातली अशक्त जागा. दोरा बहुतेक वेळा गाठीशीच तुटतो. म्हणून रिग बांधायला बसताना मी पहिला प्रश्न माशाचा विचारत नाही. ताण आला तर हे नेमकं कुठे तुटेल, असं विचारतो. ते आपण ठरवलं नाही, तर समुद्र ठरवतो.

गाठी तीन पुरतात. पहिली क्लिंच. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचं, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या छोट्या फासातून आणि मग नव्याने झालेल्या मोठ्या फासातून काढायचं. जाड दोऱ्याला वेढे कमी, नाहीतर गाठ नीट बसत नाही. दुसरी पालोमार, ब्रेडसाठी, म्हणजे बारीक धाग्यांच्या विणलेल्या दोऱ्यासाठी. ब्रेड गुळगुळीत असतो, क्लिंच त्यावर घसरते. दोरा दुमडून डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करा आणि ओढा. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी तोंडात धरून ओली करा. कोरडं नायलॉन घासताना तापतं आणि तिथेच कमजोर होतं. डोळ्यांना गाठ सुरेख दिसेल, ताण आला की कळेल.

तिसरी ड्रॉपर लूप, आणि हिच्यावर जरा थांबतो, कारण दोन गळांची साधी रिग हिच्यावरच उभी आहे. दोऱ्याच्या मधल्या भागात एक मोठा फास करा. पदर जिथे एकमेकांना छेदतात, तिथे एकाला दुसऱ्याभोवती सहा वेढे द्या. वेढ्यांच्या बरोबर मधोमध बोटाने फट धरून ठेवा. फासाची समोरची बाजू त्या फटीतून ओढून दातात धरा, ओलावा, मग दोन्ही टोकं सावकाश ताणा. फास दोऱ्याला काटकोनात उभा राहतो. जमेपर्यंत बोटं दुखतात, तेवढं चालेल. असे दोन फास वरखाली बांधा आणि प्रत्येकात गळ अडकवा. खालच्या टोकाला वजन, वरच्या टोकाला स्विव्हल. दोन फासांमधलं अंतर त्यांच्या लांबीच्या बेरजेपेक्षा जास्त हवं, म्हणजे गळ एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि गुंता होत नाही.

आता हीच रिग दोन ठिकाणी नेऊ. धक्क्यावर आपण ती सहसा सरळ खाली सोडतो. खाली खांब, दगड, त्यांवर चिकटलेली कालवं, धारदार शिंपा. अडकणार ते वजन. म्हणून वजन बांधायचा दोरा मुद्दाम हलका घ्या, मूळ दोरा २० पाउंडी, म्हणजे २० पाउंड ताण सोसणारा, असेल तर हा ८ किंवा १० पाउंडी. अडकलं तर शिसं जाईल, गळ, मणी आणि असला तर मासासुद्धा वर येईल. मात्र वर घेताना घाई नको. पाण्यात मासा जवळपास वजनरहित असतो, पाण्याबाहेर आला की सगळा भार दोऱ्यावर येतो. उंच धक्क्यावर दोरीने खाली सोडायची जाळी हवीच.

पुळणीवर मात्र हाच सल्ला धोकादायक ठरतो. तिथे लाटांपलीकडे फेकायचं असतं, आणि सगळ्यात मोठा धक्का मासा देत नाही, आपली फेक देते. हलक्या दोऱ्यावर बांधलेलं शिसं फेकताना सुटलं, तर वाटेत कोण उभं आहे ते पाहत नाही. म्हणून तिथे शॉक लीडर लागतो, म्हणजे मूळ दोऱ्याच्या पुढे जोडलेला, फेकीचा धक्का सोसणारा जाड दोरा. ढोबळ हिशोब असा: दर औंस वजनाला १० पाउंड. ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमच्या वजनाला ४० पाउंडी लीडर. त्याची लांबी काठीच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे फेकायच्या पवित्र्यात उभं राहिल्यावर रिळावर त्याचे पाच-सहा वेढे उरले पाहिजेत. वजनाची गाठही त्याच ताकदीची. खडकाळ किनाऱ्यावर फेकायचं आणि तरी वजन सोडून द्यायची सोय हवी, तर त्यासाठी खास क्लिप मिळते. फेकताना भार लीडरवर राहतो, वजन पाण्यावर आपटलं की क्लिप सुटते आणि वजन हलक्या दोऱ्यावर येतं.

वजनाच्या आकाराबद्दल थोडक्यात. वाळूत पिरॅमिड, त्याचे कोपरे रुततात. दगडांत तोच पिरॅमिड फटीत बसतो, तिथे गोलसर लांबट वजन बरं.

दुसरी रिग सरकत्या वजनाची. मूळ दोऱ्यावर सरकणारी नळी, तिला वजन. तिच्याखाली मणी, मग स्विव्हल, मग लीडर (इथे गळापर्यंतचा दोऱ्याचा तुकडा) आणि गळ. माशाने आमिष उचललं की दोरा नळीतून सरकतो आणि त्याला शिशाचा भार जाणवत नाही. मणी शोभेचा नाही, तो गाठीला मार लागू देत नाही. इथे लांब लीडरचा मोह होतो, दोन-तीन फुटांचा. फेकताना तो हवेत गरगर फिरतो, गुंततो आणि अंतर खातो. फेकायचं असेल तर वीतभर पुरे. धक्क्यावर लांब ठेवा, हरकत नाही.

गळ कुठला, असा प्रश्न मघाशी कुणीतरी विचारला. मी सर्कल हुक घेतो. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे मासा बहुधा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात नाही, आणि सोडायचा झाला तर जिवंत सुटतो. पण झटका द्यायची सवय मोडावी लागते. मासा ओढायला लागला की फक्त रीळ गुंडाळत राहायचं. झटका दिलात तर गळ तोंडातून तसाच बाहेर येतो. टोक आणि दांडा यांमधली जागा आमिषाने भरू नका. आणि आकड्यांनी गोंधळू नका: ६ नंबर २ नंबरपेक्षा लहान, १ नंतर १/०, २/० असे गळ मोठे होत जातात.

बांधून ठेवलेली रिग किती टिकते, हा शेवटचा प्रश्न. दिवस मोजू नका, तंगूस दोन नखांच्या मधून सावकाश ओढा. कुठे खरखरलं तर ती रिग कापा आणि नवी बांधा. कापलेलं तंगूस खिशात घाला, पक्ष्यांच्या पायांत ते फार लवकर अडकतं. चला, आता एकेकाने तंगूस घ्या, ड्रॉपर लूप बांधून बघू.