ताटात काय आहे, ते सांगून वाढा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की वसई, वांद्रे, पुण्याचा कॅम्प, मडगाव इथल्या कितीतरी घरांत काळे मनुके, चेरी आणि संत्र्याच्या साली रममध्ये भिजायला पडतात. नाताळचा केक आता एका समाजापुरता राहिलेला नाही. सोसायटीत त्याचे डबे फिरतात, ऑफिसात तो कापला जातो. त्या डब्यापाशी एखादा माणूस थबकतो. दारू सोडून त्याला सहा महिने झालेले असतात, कधी दहा वर्षं. तो हळूच विचारतो, "यात रम आहे का हो?" आणि उत्तर येतं, "आहे थोडीशी, पण भाजताना सगळी उडून जाते. घ्या बिनधास्त."

मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे. पिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांशी माझं बोलणं जास्त होतं आणि स्वयंपाकघरातले प्रश्न बहुतेक त्यांच्याकडूनच येतात. आज त्या प्रश्नांबद्दल बोलते.

आधी हे उडून जाणं म्हणजे काय ते पाहू. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून आपल्याला वाटतं की भांड्याला उकळी आली की मद्यार्क आधी निघून जाणार. पण रश्श्यात किंवा केकच्या मिश्रणात दोन्ही एकमेकांत पुरते मुरलेले असतात. वाफ निघते ती दोघांची मिळून, आणि शेवटचा अंश जाता जात नाही. अमेरिकेत १९९२ साली संशोधकांनी दारू घातलेले पदार्थ शिजवले आणि शिजल्यावर किती मद्यार्क उरला ते मोजलं. तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यांत असे आकडे दिलेले आहेत. मिश्रणात कालवलेली दारू १५ मिनिटं शिजली तर ४० टक्के उरते, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५. उकळत्या सॉसमध्ये घालून लगेच गॅस बंद केला तर तब्बल ८५ टक्के. आणि मोठ्या हॉटेलांत पॅनमधून ज्वाळा उठवतात, सगळे मोबाईल काढून बघत राहतात, त्या भडक्यानंतरही ७५ टक्के उरते. भांडं पसरट की खोल, झाकण ठेवलं की नाही, यावर आकडा खालीवर होतो. पण अडीच तास शिजवूनही तो शून्यावर येत नाही.

आता आपल्या केकचा हिशेब मांडू. किलोभराच्या केकला १०० मिलिलिटर रम घातली असं धरा. आपल्याकडच्या रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे वजनात साधारण ३४ ग्रॅम. तासभर भाजल्यावर त्यातला पाव हिस्सा, साडेआठ ग्रॅमच्या आसपास उरला. केकचे सोळा तुकडे केले तर एका तुकड्यात जेमतेम अर्धा ग्रॅम. पण गंमत पुढे आहे. केक थंड झाल्यावर त्याला टोचे मारून वरून दोन मोठे चमचे रम पाजण्याची पद्धत आहे, तो मऊ राहावा आणि टिकावा म्हणून. हे ३० मिलिलिटर झाले, म्हणजे एक छोटा पेग, दहा ग्रॅम मद्यार्क. आणि त्याला विस्तवाचा स्पर्शही होत नाही. भट्टीतून वाचलेल्या दारूपेक्षा ही नंतर घातलेली दारू जास्त भरते. काही घरी तर ती दर आठवड्याला पाजतात. तिरामिसू या कॉफीच्या इटालियन गोड पदार्थात जिथे लिकर, म्हणजे गोड दारू, घालतात तिथेही तेच, तो पदार्थ चुलीवर चढतच नाही.

तरी मी मान्य करते की एका तुकड्याने कुणाला नशा चढत नाही. मग एवढी चर्चा कशाला?

एक कारण औषधाचं आहे. दारू सोडलेल्या अनेकांना डॉक्टर डायसल्फिरामच्या गोळ्या देतात. या औषधाचा हा उपयोग डेन्मार्कमध्ये १९४८ साली पुढे आला. येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक ते पोटातल्या जंतांवर चालेल का हे तपासत होते. गोळ्या त्यांनी स्वतः घेऊन पाहिल्या आणि नंतर दारूचा घोट घेताच दोघांचीही तब्येत बिघडली. आपलं यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग ते पुढे निरुपद्रवी करून टाकतं. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवतं. विषारी ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून हे औषध घेणाऱ्याला डॉक्टर बजावतात की दारू घातलेले पदार्थ, खोकल्याची काही सिरप, काही माउथवॉश, सगळं टाळा. या माणसापुढे "थोडीशीच आहे" या बोलण्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरं कारण जिभेचं आणि नाकाचं आहे, आणि मला ते अधिक मोठं वाटतं. वर्षानुवर्षं ज्या वासामागून नशा आली, तो वास मेंदूने जपून ठेवलेला असतो. गरम पॅनमध्ये वाईन किंवा ब्रँडी ओतली की भपकन वाफ उठते आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या थेट नाकात जाते. ओळखीचे एक गृहस्थ केटरिंगच्या धंद्यात होते. खाण्याचं मी सांभाळलं, म्हणाले, मला त्या वाफेने घेरलं. तोंडाला पाणी सुटलं, हात थरथरायला लागले आणि दिवसभर डोक्यात तेवढंच. त्यांनी मालकाला सांगून तंदूरचं काम मागून घेतलं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांमध्ये पहिला पेग टाळा, असं पुन्हा पुन्हा सांगतात. ही संघटना १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून उभी राहिली. दहाव्या पेगाला थांबणं त्यांच्या हातात नव्हतं, पहिल्याला नाही म्हणणं होतं, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं.

याच कारणाने मी रम इसेन्सही घरात आणू नका म्हणते. त्यात दारू असो वा नसो, वास तोच असतो. बिनअल्कोहोलची म्हणून मिळणारी बिअरही नको. तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो, आणि नसला तरी तोच ग्लास, तोच फेस, तीच कडवट चव.

आणखी एक साधी गोष्ट. रेसिपीला अर्धी वाटी दारू लागते, आणि बाटली मात्र अख्खी येते. उरलेली फडताळात, गोडेतेलाच्या मागे उभी राहते. एखाद्या रात्री भांडण होतं, पगार अडकतो, झोप येत नाही, आणि त्याला ठाऊक असतं की बाटली कुठे आहे. घरात दारू सोडलेलं माणूस असेल तर स्वयंपाकाचीही बाटली घरात नको, हे माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांनी केक खाऊन काहीच झालं नाही असे लोक मला भेटले आहेत. मी त्यांना खोटं पाडत नाही. पण सोडून वर्ष-दोन वर्षंच झालेल्या माणसाने त्यांचं उदाहरण घेऊ नये.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे त्याकडे येते. दारू सोडलेल्या माणसाला जेवणातून नकळत काहीही देऊ नका. हे दोन्ही बाजूंनी घडतं. एकीकडे प्रेमळ मावशी असतात. रम घातलेल्या केकला "काही नाहीये रे त्यात" म्हणून आग्रहाने तुकडा भरवतात आणि नंतर हसत सांगतात, "बघ, काही झालं का?" झालेलं असतं, मावशी. त्याचा तुमच्या हातच्या जेवणावरचा विश्वास गेलेला असतो. शिवाय आत्ता खाल्लं आणि काही झालं नाही, म्हणजे थोडी चालते, हा विचार त्याच्या डोक्यात तुम्ही पेरलेला असतो.

दुसरीकडे गांजलेल्या बायका आणि आया असतात. "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा, भाजीत मिसळा, चहात मिसळा" अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. त्या पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. आणि डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून वरणात घालणारी घरंही आहेत. त्या बाईची वेदना मला कळते. मार खाऊन, कर्ज फेडून, सगळे उपाय थकल्यावर ती हे करते. पण मघाशी सांगितलेली ती सगळी लक्षणं आठवा. त्याला ठाऊकच नाही की पोटात काय गेलंय, तो नेहमीसारखा गुत्त्यावर बसतो आणि तिथेच कोसळतो. हे औषध माणसाच्या संमतीने, तपासण्या करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. वहिनी, तुम्हाला आधार हवा आहे, आणि तो मिळतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे पिणाऱ्याइतकाच त्याच्या घरच्यांचाही विचार होतो. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभाही असतात. नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता.

मग केकचं काय करायचं? माझी पद्धत सांगते. अर्धा किलो सुका मेवा घ्या. काळे मनुके, खजूर, चेरी आणि सुकं अंजीर. वाटीभर संत्र्याचा ताजा रस, किसलेलं आलं, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, थोडं जायफळ आणि संत्र्याची किसलेली साल घालून हे मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. रस आटत येतो, मनुके टपोरे फुगतात. गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. इथे एक काळजी घ्या. रममधला मेवा महिनोन्‌महिने टिकतो म्हणून रसातला मेवाही बाहेर ओट्यावर ठेवू नका. फळांचा रस उबेत आंबतो आणि आपण जी टाळायला निघालो तीच बरणीत तयार व्हायला लागते. दोन दिवसांत वापरून टाका. रंगासाठी साखर कोरडीच जाळायची, कॉफीसारखी गडद होईपर्यंत, आणि मग उकळतं पाणी जपून ओतायचं. फार जोरात चरचरते आणि उसळते, तेव्हा हात लांब ठेवा. केकला जो किंचित कडवट खोलपणा येतो तो या जळक्या साखरेचा. केक भाजून झाल्यावर वरून पाजायला आलं घातलेला कोरा चहा आणि मध. हा केक फ्रीजमध्ये आठवडाभरात संपवायचा.

बाकी ठिकाणीही मार्ग सोपे आहेत. रेड वाईनऐवजी काळ्या द्राक्षांचा रस आणि चमचाभर व्हिनेगर. बिअरच्या पिठात मासे तळायचे तर बिअरऐवजी बर्फासारखा गार सोडा. तिरामिसूला नुसती कडक कॉफी भरपूर पुरते.

काही गोष्टींना उगाच घाबरायचीही गरज नाही. व्हिनेगरमध्ये मद्यार्काचं आम्ल झालेलं असतं. विंदालू या गोव्याच्या तिखट-आंबट रश्श्याचं पोर्तुगीज मूळ वाईन-लसणाचं, गोव्यात आल्यावर त्यात माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर आलं. ते खायला एरवी हरकत नाही, डायसल्फिराम चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. सोरपोटेल या डुकराच्या मांसाच्या रश्श्यात मात्र काही घरांत फेणी घालतात, आणि सान्ना, म्हणजे गोव्याकडच्या इडल्या, सुरेवर फुगवतात, तेव्हा तिथे विचारून घ्यावं. इडली, दही, पाव यांत घाबरण्यासारखं काही नाही. गडचिरोलीकडे मोहाच्या फुलांचे लाडू करतात. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात त्याच फुलाचा इतका गोड उपयोग होतो, मला याचं फार कौतुक आहे. उलट, औषध म्हणून बिनदिक्कत घेतली जाणारी द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारखी आसवं-अरिष्टं आंबवूनच बनतात. त्यांच्या बाटलीवर स्वजनित मद्यार्काचं प्रमाण छापलेलं असतं. ते वाचा आणि वैद्यांना आपली गोष्ट स्पष्ट सांगा.

लग्नात, पार्टीत, विचारायला लाज वाटते असं पुष्कळ जण म्हणतात. कारण सांगायची गरज नाही. "मला चालत नाही" एवढं पुरतं. मधुमेहाच्या माणसाला आपण गोडाचा आग्रह करत नाही, तेवढीच समज यजमानाने इथे दाखवावी. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवावी, "यात रम आहे." शेजारी बिनरमचा केक ठेवावा.

आणि एवढी काळजी घेऊनही चुकून एखादा घास पोटात गेलाच तर? उरलेला बाजूला ठेवा, खळखळून चूळ भरा, गोड किंवा तिखट दुसरं काही खा. डायसल्फिराम चालू असेल आणि चेहरा तापायला किंवा छाती धडधडायला लागली तर सरळ दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा. नकळत खाल्लेला घास म्हणजे तुमची सोबरायटी, दारूपासून दूर राहणं, मोडली असं नाही. एवीतेवी मोडलीच आहे, आता पिऊनच टाकू, हा विचार त्या घासापेक्षा फार घातक असतो. तो मनात आला की घरात कुणाला तरी सांगा, आणि ग्रुपमधल्या आपल्या माणसाला त्याच रात्री फोन करा. कितीही वाजले असले तरी तो उचलतो.

नमस्कार.