पाहुणे फादर

(दृश्य : कास्ट्रीजमधला मिनीबसचा थांबा. दुपार. टपावर दोऱ्या, खिडकीत चेहरे.)

कॅरिबियनमधलं सेंट लुशिया बेट. कास्ट्रीज ते सुफ्रिएर. नकाशावर चाळीसेक किलोमीटर, पण मिनीबसला तासाच्या वर लागतो. डोंगर थेट समुद्रात उतरलेत, त्यामुळे रस्त्याला सरळ जायला जागाच मिळालेली नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. खाली आन्स ला रे, मग कॅनरीज अशी मच्छीमारांची गावं, आणि प्रत्येक गावानंतर पुन्हा चढ. वरंधा घाटात ज्यांचं पोट ढवळतं, त्यांनी इथे पुढची सीट धरावी.

मागच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन बसलेत ते फादर. नायजेरियाचे. रोममध्ये शिकतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की असे बरेच विद्यार्थी-धर्मगुरू कुठल्या ना कुठल्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बदली म्हणून जातात. तिथले फादर रजेवर जातात, पाहुणे फादर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांभाळतात. सुफ्रिएरमध्ये जुलै-ऑगस्टचे आठवडे हे काढणार आहेत. नाव सांगायला त्यांची हरकत नव्हती, पण बेटावर त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. मग आपणही 'फादर'च म्हणू.

बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकानं 'गुड आफ्टरनून' म्हणायचं असतं. एका कोणाला नाही, सगळ्या बसला. आणि सगळी बस उत्तर देते. न बोलता गुपचूप सीटवर बसलेला माणूस कितीही शिकलेला असो, इथे तो बिनवळणाचाच.

(दृश्य : केळीच्या बागा, निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले घड.)

सेंट लुशिया. क्षेत्रफळ 617 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढं. लोकवस्ती मात्र पावणेदोन-एक लाख. फ्रेंच आणि इंग्रज या बेटासाठी इतके भांडले की ते चौदा वेळा या हातातून त्या हातात गेलं. शेवटी 1814 साली इंग्रजांकडे राहिलं, आणि 1979 मध्ये स्वतंत्र झालं. कचेरी, शाळा, कोर्ट इंग्रजीत. घर, बाजार, भांडण आणि विनोद क्वेयोलमध्ये, म्हणजे फ्रेंच शब्दांवर आफ्रिकन माणसांनी उभारलेल्या भाषेत. धर्म फ्रेंचांनी दिलेला, तो टिकला. 2010 च्या जनगणनेत साठ टक्क्यांहून थोडे अधिक लोक कॅथलिक निघाले.

वाटेत रोझो खोरं लागतं. केळीचं खोरं. तिथल्या जाकमेल गावच्या चर्चमध्ये फादरांना थांबायचंच होतं.

(दृश्य : वेदीमागची भिंत. कॅमेरा खालून वर.)

1973 साली डन्स्टन सेंट ओमर या चित्रकारानं ही भिंत रंगवली. बेटाचा राष्ट्रध्वजही त्यांच्याच हातचा. कवी डेरेक वॉलकॉट त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. भिंतीवर पवित्र कुटुंब आहे : मरिया, योसेफ, बाळ येशू. तिघंही काळे. भोवतीनं या खोऱ्यातलीच माणसं, शेतकरी, मच्छीमार, वाजवणारे, नाचणारे. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी पिढ्यान् पिढ्या ज्या देवापुढे गुडघे टेकले, त्याचा चेहरा मालकासारखा होता. सेंट ओमर यांनी तो बदलला. पुढे 1986 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे बेटावर यायचे होते, तेव्हा कास्ट्रीजचं कॅथीड्रलही त्यांनीच आतून रंगवलं.

वसईच्या घराघरांत टांगलेला येशू निळ्या डोळ्यांचा असतो. नायजेरियातल्या कॅलेंडरांवरही पुष्कळदा तसाच. फादर इथे बराच वेळ उभे राहिले. फोटो काढला नाही, हे आमच्या कॅमेरामनच्या लक्षात आलं.

(दृश्य : सुफ्रिएर. चौक, चर्च, मागे पितोंची दोन सुळकी शिखरं.)

सुफ्रिएर हे नाव गंधकावरून पडलंय. वारा फिरला की वास नाकात येतोच. गावाबाहेर जमिनीतून उकळता चिखल आणि वाफ निघते. ते बघायला पर्यटक येतात, आणि दक्षिणेकडचे ग्रो पितों आणि पेती पितों बघायलाही येतात. 2004 पासून हे दोन डोंगर जागतिक वारसा यादीत आहेत. 1746 मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं हे बेटावरचं सगळ्यात जुनं शहर. फ्रेंच क्रांतीची लाट इथवर पोचली तेव्हा याच चौकात शिरच्छेदाचं गिलोटिन उभं होतं. आज तिथे मुलं फुटबॉल खेळतात आणि समोर चर्च आहे.

आता खरी गोष्ट सुरू होते. फादर पोचले, तेव्हा त्यांच्या हातात काही द्यायचं कामच उरलेलं नव्हतं. चर्चची किल्ली एका बाईंकडे. मायक्रोफोनची कुठली वायर हलवली की तो चालतो, ते दुसऱ्या बाईंना ठाऊक. रविवारचं पहिलं वाचन कोणाचं, दुसरं कोणाचं, गायकवृंदात कोण कोणावर रुसलंय, कोणाच्या मुलाचा बाप्तिस्मा लांबलाय आणि का, याची वही तिसऱ्या बाईंकडे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला गर्दी का असते, तेही त्यांनीच सांगितलं. गावातले बरेच जण हॉटेलांत कामाला आहेत, आणि पर्यटकांना रविवारी सकाळी नाश्ता लागतो.

मिस्सा, पापनिवेदन, आजाऱ्यांचा अभ्यंग (प्रार्थना म्हणत तेल लावण्याचा विधी) एवढंच धर्मगुरूशिवाय होत नाही. तेवढ्यासाठी कास्ट्रीजच्या आर्चबिशपांची परवानगी घेऊन पाहुणे फादर आलेत. लग्न लावायचं तर त्यांना तेवढ्यापुरता वेगळा अधिकार घ्यावा लागतो. बाकीचा संसार गावच्या बायकांचा आहे, आणि माझ्या मते तो त्यांनी कोणाच्या हाती द्यायलाही नको. फादर बदलतात. कधी आयर्लंडचे असतात, कधी फ्रान्सचे, अलीकडे आफ्रिकेतले, भारतातले. वही तीच राहते.

(दृश्य : डोंगरउतारावरचं लाकडी घर, पत्र्याचं छप्पर.)

महिन्याचा पहिला शुक्रवार. अंथरुणाला खिळलेल्यांना घरोघरी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, द्यायचं असतं. वाट दाखवायला वहीवाल्या बाई पुढे. दारातूनच 'बोंजू, मा' अशी हाक. म्हाताऱ्या बाईला इथे 'मा' म्हणतात. आत टेबलावर इस्त्री केलेलं पांढरं फडकं, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. सगळं पहाटेपासून मांडून ठेवलेलं. प्रार्थना पाच मिनिटांत आटोपते. नंतरचा कोको-टी मात्र घाईत होत नाही.

घरी भाजून वाटलेल्या कोकोच्या कांड्या असतात, बोटाएवढ्या जाड. त्यातली एक किसणीवर किसायची. पाण्यात दालचिनी, तमालपत्रासारखं इथलं बे-पान आणि जायफळ टाकून उकळी आणायची, मग कीस, मग दूध, साखर, आणि दाट व्हायला चमचाभर पीठ. वर कोकोच्या तेलाचे बारीक डोळे तरंगायला लागले की झाला. बरोबर पाव, आणि असलाच तर खारवलेला मासा घालून शिजवलेली कच्ची केळी. तिला इथे 'ग्रीन फिग' म्हणतात, आणि तो या देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. फादरांच्या देशातही कोको पिकतो, पण तिथला बहुतेक पोत्यांत भरून परदेशी जातो. त्यांनी दुसरा कप मागितला तेव्हा मा पलंगावर उठून बसली.

तिनं त्यांना विचारलं, आफ्रिकेत नेमके कुठले? फादरांनी गावाचं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. तिचे पूर्वज कुठल्या गावचे होते, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण? ज्यांनी त्यांना विकलं-विकत घेतलं, त्यांना गावाशी देणंघेणं नव्हतं. 1 ऑगस्टला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, देशाला सुट्टी असते. त्या दिवशीच्या मिस्साला ती पुतण्याच्या आधारानं चर्चमध्ये आली.

आपल्या प्रेक्षकांसाठी एक गोष्ट जाता जाता. गुलाम मुक्त झाल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते. 1859 मध्ये 'पालमायरा' जहाज भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, घेऊन इथे आलं. त्यांच्यातले बरेच जण पुढे ख्रिस्ती झाले. आज रविवारी इथल्या बाकांवर त्यांचे वंशजही दिसतात. भाषा गेली, रोटी आणि करी राहिली.

(ध्वनी : रेडिओ. बाईचा संथ आवाज, नावांमागून नावं.)

फादरांचा दिवस मात्र खऱ्या अर्थानं रेडिओ ठरवतो. मृत्यूच्या बातम्या इथे रेडिओवर वाचल्या जातात, आणि त्या ऐकण्यासारख्या असतात. आधी मृताचं पूर्ण नाव, मग गावात ज्या टोपणनावानं ओळखतात ते. मग मुलं, नातवंडं, भाचे, पुतण्या, शेजारी, एकत्र काम केलेले लोक, आणि प्रत्येकापुढे मुक्काम : लंडनचे, ब्रुकलिनचे, टोरोंटोचे, सेंट क्रॉयचे. अर्धं बेट बाहेर आहे, हे सरकारी आकड्यांपेक्षा या यादीतून जास्त कळतं. सगळे विमानानं येईपर्यंत अंत्यविधी थांबतो. दोन-तीन आठवडे सहज.

तोवर मृताच्या घरी रात्री जागतात. पहिली रात्र महत्त्वाची, आणि आठवी. आत, दिव्याखाली, भजनं आणि रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ. बाहेर, अंगणात, डॉमिनो, रम, कॉफी आणि गोष्टी. सांगणारा ओरडतो, 'टिम टिम!' जमाव उत्तर देतो, 'ब्वा शेश!' आणि कोडी-गोष्टी सुरू. डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटल्याचा आवाज आतल्या 'नमो मरिया'च्या मध्येच येतो, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. रोझरी गावातलाच माणूस चालवतो. फादर एक दशक, म्हणजे दहा 'नमो मरिया', म्हणतात, मग त्यांना खुर्ची दाखवली जाते. कुठे बसायचं? पहिल्यांदा ते आत बसले. पुढच्या घरी त्यांनी खुर्ची उंबऱ्यात ओढली. तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं. मला वाटतं, पाहुण्या धर्मगुरूला याहून योग्य जागा सापडणार नाही.

अंत्यविधीच्या दिवशी रंगीत छपाईची पत्रिका असते. मृताचे फोटो, भजनांचे शब्द, कोण बोलणार त्यांची नावं. बोलणारे पुष्कळ असतात. फादरांनी आपलं प्रवचन निम्मं केलं, आणि वहीवाल्या बाईंनी मान डोलावली.

(दृश्य : फोंद सें झाक. डोंगरावरचा उघडा लाल पट्टा, आता हिरवळलेला.)

गावाच्या वरच्या अंगाला फोंद सें झाक. ऑक्टोबर 2010 अखेर 'टोमास' चक्रीवादळात इथला डोंगर खाली आला. माणसं गेली, रस्ता तुटला, आणि सुफ्रिएरला सामान बोटींनी आणावं लागलं. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, म्हणजे फादरांचा मुक्काम ऐन मोसमातला. पवित्र भांडी कुठल्या कपाटात हलवायची, जनरेटरचं डिझेल कुठे, कुठल्या म्हाताऱ्यांना आधी उचलून आणायचं, हे त्यांना दाखवून ठेवलंय. या वर्षी तोवर तरी वेळ आली नव्हती.

(ध्वनी : ढोल, शॅक-शॅकचा खुळखुळाट, एका बाईचा उंच आवाज, मागून समूह.)

आणि ऑगस्ट सरताना ला रोज. बेटावर फुलांच्या दोन मंडळ्या आहेत : गुलाबाची ला रोज आणि मार्गरीत फुलाची ला मार्गरीत. माणूस यातल्या एका मंडळीचा असतो, किंवा निदान त्याची आजी असते. ला मार्गरीतवाले शिस्तीचे, त्यांचा सण 17 ऑक्टोबरला. ला रोजवाले दंगेखोर, त्यांचा 30 ऑगस्टला, संत रोजच्या दिवशी. प्रत्येक मंडळीचं आपलं राजदरबार : राजा, राणी, राजपुत्र, न्यायाधीश, शिपाई, सैनिक, परिचारिका. सणाआधी कित्येक आठवडे रात्री जमून गाणं-नाचणं चालतं. शांतवेल, म्हणजे मुख्य गाणारी, ओळ टाकते आणि बाकीचे उचलतात. गुलामांच्या वंशजांनी मालकांचा दरबार असा हसत हसत आपल्या अंगावर चढवला. एके काळी धर्मगुरूंना हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. आता 30 ऑगस्टला राजा-राणी सगळ्या लवाजम्यासह चर्चमध्ये येतात, पुढच्या बाकावर बसतात, आणि फादर त्यांच्यासाठी मिस्सा म्हणतात.

मिस्सा झाली, मिरवणूक झाली, जेवणावळ सुरू झाली. फादर ताट घेऊन राजाच्या समोरून गेले, मुजरा न करता. दोन शिपायांनी त्यांना दंडाला धरून न्यायाधीशापुढे उभं केलं. न्यायाधीश एरवी चर्चच्या दारात वर्गणीची पिशवी धरतात. आरोप वाचला गेला. फादरांनी बचाव केला की ते परदेशी आहेत, इथले कायदे त्यांना माहीत नाहीत. शांतवेलनं तिथल्या तिथे त्याची ओळ केली, आणि सगळ्या मांडवानं ती तीनदा गायली. दंड पाच डॉलर, पूर्व कॅरिबियन. फादरांनी भरला आणि पावती मागितली.

पावती मागितल्याबद्दल आणखी पाच.